दुरुस्तीच्या दुकानातला पहिला धडा : लक्ष्मणराव किर्लोस्कर

बेळगावच्या खडेबाजारात गोमंतकीय ग्राहक नवखा नाही. लग्नाचा बस्ता, भांडीकुंडी, सणासुदीची खरेदी यांसाठी अनमोड किंवा चोर्ला घाट चढून येणारी कुटुंबे या पेठेत नेहमी दिसतात. संध्याकाळी परतताना घाटाची उतरण लागते आणि गाडी जुनी असेल तर चालकाचे सारे लक्ष पायाखालच्या ब्रेककडे वळते. ज्या यंत्रावर आपण कुटुंबाचा जीव सोपवतो, ते आतून कसे चालते हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते? खडेबाजाराच्या परिसरातच किर्लोस्कर रस्ता आहे. हे नाव वाचताच बहुतेकांना विहिरीवरचा पंप आठवतो. या नावाचा आरंभ मात्र बेळगावातीलच एका सायकलच्या दुकानातून झाला. यंत्र उघडून पाहण्याची सवय माणसाला कुठवर नेऊ शकते, याचे ते दुकान हे उत्तम उदाहरण आहे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. ज्यांच्या नाटक मंडळीत आपले दीनानाथ मंगेशकर पुढे घडले, ते हेच अण्णासाहेब. एकाच गावाने महाराष्ट्राला रंगभूमीही दिली आणि कारखानाही दिला. लक्ष्मणरावांचे वडील वेदान्ताचे अभ्यासक. घरात विद्येला मान होता, पण त्या काळी विद्या म्हणजे ग्रंथ आणि ग्रंथांच्या पलीकडे सरकारी नोकरी. हातात हातोडा घेणे हे पांढरपेशा घरातील मुलाचे काम मानले जात नसे. लक्ष्मणचे मन मात्र पाठांतरात रमले नाही. त्याला चित्रे काढण्याचा आणि वस्तूंची जोडणी पाहण्याचा नाद होता.

1885 साली थोरले बंधू रामचंद्र, म्हणजेच रामूअण्णा, यांच्या आधारावर लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. चित्रकार होण्याची वाट मोकळी झाली असे वाटत असतानाच एक वैगुण्य उघड झाले. काही रंगांमधला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नव्हता. रंग हेच ज्याचे साधन, त्याला ही उणीव सोसणारी नव्हती. लक्ष्मणरावांनी रंग बाजूला ठेवले, रेषा मात्र सोडली नाही. ते यांत्रिक आरेखन शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे साहाय्यक शिक्षक झाले. संस्थेच्या कार्यशाळेतील यंत्रांनी त्यांना खेचून घेतले. शिकवणे संपले की ते यंत्रांपाशी थांबत. कागदावर रेखाटलेला भाग लोखंडात कसा उतरतो, कुठे घासतो आणि कुठे अडतो, हे त्यांनी तेथे पाहिले.

याच काळात सायकल हे नवे वाहन हिंदुस्थानात दिसू लागले होते. इंग्लंडमध्ये 1885 साली दोन सारख्या चाकांची सुरक्षित सायकल आली आणि 1888 साली डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. त्याच 1888 साली किर्लोस्कर बंधूंचा सायकलींचा व्यवसाय बेळगावात सुरू झाला. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून पाठवीत आणि रामूअण्णा बेळगावात त्या विकत. सायकल चालवण्यास शिकवण्याचे शुल्क 15 रुपये होते.

1897 साली लक्ष्मणरावांच्या हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. पेन्शनीची नोकरी सोडून दुरुस्तीचे दुकान पत्करणे हा त्या काळच्या समजुतीप्रमाणे अधःपातच होता. लक्ष्मणरावांच्या दृष्टीने मात्र ती मोकळी जागा होती.

त्या वेळची सायकल विकून विक्रेत्याचे काम संपत नसे. सुटे भाग परदेशातून येत. ते येईपर्यंत तुटलेला भाग कसाबसा उभा करावा लागे. ब्रेकही साधा होता. हँडलच्या दांड्याने पुढच्या टायरवर दाबला जाणारा चमच्यासारखा ठोकळा, इतकीच त्याची रचना. हवेचा टायर आल्यावर हा ठोकळा टायरच खाऊ लागला, म्हणून पुढे चाकाच्या धावेवर दाबणारे ब्रेक आले. एक सुधारणा दुसऱ्या भागात नवा बिघाड कशी निर्माण करते, याचे हे उदाहरण. दुरुस्ती करणाऱ्यालाच ते सर्वांत आधी कळते, कारण बिघडलेली वस्तू त्याच्यापुढे येते. नव्या यंत्राचा विक्रेता गुण पाहतो. दुरुस्ती करणारा दोष पाहतो आणि दोषापासून कारणापर्यंत मागे जातो. लक्ष्मणरावांची पुढची सारी कारागिरी या सवयीवर उभी राहिली.

ही सवय म्हणजे काय, हे आजच्या जुन्या मोटारीच्या ब्रेकवरून समजते. 1921 साली अमेरिकेतील ड्युसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना द्रवदाबाचे ब्रेक आले आणि पुढे हीच पद्धत जगभर रुळली. आपल्याकडील अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी त्याच पद्धतीवर धावल्या. पेडल दाबले की मास्टर सिलिंडर हा छोटा पंप ब्रेक ऑइल नळ्यांतून चाकांकडे ढकलतो आणि तेथील व्हील सिलिंडर ब्रेक शू बाहेर रेटतो. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा पोहोचतो. नळीत हवा शिरली तर जोर ती हवा दाबण्यातच खर्च होतो आणि पेडल स्पंजासारखे मऊ लागते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावाही शोषते. डॉट 3 प्रतीचे कोरे ऑइल किमान 205 अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा 140 अंशांपर्यंत उतरू शकते. घाटाच्या लांब उतरणीवर सतत ब्रेक दाबून उष्णता वाढली की अशा ऑइलची वाफ होते आणि पेडल अचानक तळाला जाते. म्हणून घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा आणि ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावे.

ब्रेकची हवा काढणे हे काम घरीही होते, मात्र त्याला दोन माणसे आणि सावधपणा लागतो. गाडी सपाट जागी, चाकांना अडण लावून, भक्कम स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकवर विसंबू नये. टाकी ताज्या ऑइलने भरून मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करावा. आपल्याकडील बहुतेक गाड्यांत ते मागचे डावे चाक असते. निपलवर पारदर्शक नळी चढवून तिचे टोक थोडे ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल किंचित सैल करावा, बुडबुड्यांसह ऑइल बाहेर येऊ द्यावे आणि निपल घट्ट केल्यावरच पेडल सोडण्यास सांगावे. बुडबुडे थांबेपर्यंत हे चालू ठेवावे आणि मधूनमधून टाकी पाहावी. ती रिकामी झाली तर हवा पुन्हा आत शिरते. निघालेले ऑइल परत वापरू नये, अंगावर किंवा गाडीच्या रंगावर सांडू देऊ नये. इंजिनचे तेल तर चुकूनही घालू नये; त्याने सिलिंडरातील रबरी वॉशर फुगून निकामी होतात.

मात्र हवा का शिरली, हा प्रश्न उरतोच. व्हील सिलिंडर पाझरत असेल तर हवा काढून चार दिवस बरे वाटेल आणि पुन्हा तेच होईल. ड्रम उघडून आतला ओलसर डाग शोधावा लागतो, वॉशर बदलावे लागतात, तेलाने भिजलेले लायनर टाकून द्यावे लागतात. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून आतली धूळ फुंकून न उडवता ओल्या फडक्याने टिपावी. काम झाल्यावर गाडी उभी असतानाच पेडल कडक आहे का हे पाहावे आणि मगच रिकाम्या सपाट रस्त्यावर अगदी हळू चाचणी घ्यावी. शंका राहिली तर जाणत्या मिस्त्रीकडे न्यावी. लक्षणावर न थांबता कारणापर्यंत जाणे, हाच बेळगावातल्या त्या दुकानाचा धडा होता.

दुरुस्तीकडून निर्मितीकडे वळताना लक्ष्मणरावांनी आजूबाजूच्या शेतीकडे पाहिले. कडबा कापण्याचे यंत्र आले आणि नंतर लोखंडी नांगर आला. लाकडी नांगर जमीन उकरत असे. लोखंडी नांगर ती खोलवर पलटत असे. पण लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांत पक्की होती. पहिला नांगर विकला जाण्यास 2 वर्षे लागली. बिघडलेल्या वस्तूपुढे चिकाटीने बसण्याची सवय नसती तर हा उद्योग तेथेच संपला असता.

त्यानंतरचा आघात बाहेरून आला. शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडण्याचा हुकूम नगरपालिकेने दिला. ज्या गावात व्यवसाय रुजला तेथेच त्याला पाय ठेवण्यास जागा उरली नाही. त्या वेळी लक्ष्मणराव औंध येथे मंदिराच्या सभामंडपाचे काम करीत होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांची अडचण जाणून कुंडल रोड स्थानकाजवळ 32 एकर जमीन आणि 10,000 रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. जमीन माळरानाची होती. निवडुंग आणि साप यांचेच तेथे राज्य होते. 1910 च्या मार्चमध्ये तेथे किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला.

वाडीच्या उभारणीत लक्ष्मणरावांनी माणसांच्या बाबतीतही तीच दृष्टी ठेवली. शिक्षण अर्धवट राहिलेल्या अनंतराव फळणीकरांच्या हातातील कसब त्यांनी ओळखले आणि त्यांच्यावर यंत्रांची जबाबदारी टाकली. शंभोराव जांभेकर अभियंते झाले, मंगेशराव रेगे हिशेब पाहू लागले आणि रामूअण्णांनी वसाहतीचा कारभार सांभाळला. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीचे पहारेकरी नेमले. वाडीत अस्पृश्यतेला थारा दिला नाही. समाजाने मोडीत काढलेली माणसे मोडीत काढण्याजोगी नाहीत, हा विश्वास त्यांनी व्यवहारात उतरवला.

किर्लोस्करवाडीतून नांगर गावोगाव गेले, पुढे पंप निघाले. पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथून अभियांत्रिकी शिकून परतले आणि 1946 साली पुण्यात तेल इंजिनांचा कारखाना उभा राहिला. पुतणे शंकरराव यांनी याच वाडीतून काढलेल्या मासिकांनी मराठी घरांत नवे विचार पोहोचवले. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीनिमित्त 1969 साली टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. कुंडल रोड स्थानक आज किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते.

बेळगावने 1910 साली हा कारखाना गमावला. आज त्याच शहराच्या उद्यमबाग परिसरात ओतकामाचे आणि वाहनांच्या सुट्या भागांचे कारखाने आहेत, द्रवदाबावर चालणारी साधनेही तेथे तयार होतात. त्याचे सारे श्रेय एका माणसाला देणे योग्य नव्हे. अनेक पिढ्यांच्या कामगारांचा घाम त्यात आहे. पण सुशिक्षित माणसाने हात काळे करण्यात कमीपणा नाही, हे या भागाला लक्ष्मणरावांनी आरंभीच दाखवून दिले.

आपल्या घरांतील मुलांना गाडी चालवणे आपण हौसेने शिकवतो. पुढच्या वेळी ब्रेक ऑइल बदलताना त्यांना पेडलवर बसवावे आणि नळीतून निघणारे बुडबुडे दाखवावेत. घाट उतरताना पायाखाली काय चालले आहे, हे त्यांना एकदा कळले की ते विसरले जात नाही.