खेड्याकडे वळलेला उपग्रह

अहमदाबादच्या गिरणीमालकाच्या घरी १२ ऑगस्ट १९१९ रोजी जन्मलेले विक्रम साराभाई केंब्रिजला शिकले, विश्वकिरणांच्या संशोधनात रमले आणि १९४७ साली त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. परंतु गरीब देशाने अंतराळावर खर्च का करावा, हा प्रश्न त्यांनी कधी टाळला नाही. त्यांचे उत्तर अर्थशास्त्राच्या अभ्यासकानेही लक्षात घ्यावे असे होते. शहरांपासून पसरत जाणारे दूरचित्रवाणीचे जाळे दुर्गम खेड्यांपर्यंत पोहोचण्यास दशके लागतील. उपग्रह मात्र त्यांना पहिल्याच दिवशी गाठू शकेल.

१९६७ साली दिल्लीजवळच्या ८० खेड्यांसाठी शेतीविषयक कार्यक्रम सुरू झाला. १९६९ साली अमेरिकेच्या ‘नासा’शी करार झाला. त्याचे फळ पाहण्याचे मात्र साराभाईंच्या नशिबी नव्हते. ३० डिसेंबर १९७१ रोजी कोवलम येथे त्यांचे निधन झाले.

१ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांनी सामूहिक संचांवर शेती, आरोग्य व कुटुंबनियोजनाचे पाठ पाहिले. सकाळची वेळ शाळकरी मुलांची असे. परंतु उपग्रह उसना होता. मुदत संपताच तो काढून घेण्यात आला. पुढे जाहिरातींचे उत्पन्न वाढले, तसा पडद्याचा रोख शहरी ग्राहकाकडे वळला.

ज्या शिक्षणाला गिऱ्हाईक नाही, त्याचा भार बाजार उचलत नाही. तो शासनालाच उचलावा लागतो. आज हातोहाती पडदे आले, तरी हे साधे गणित बदललेले नाही.