विश्लेषण : वजन वाढले, तरी हृदय का थांबले? गायिका कॅरेन कारपेंटर यांची कहाणी

४ फेब्रुवारी १९८३ रोजी कॅलिफोर्नियातील डाउनी येथे आईवडिलांच्या घरी कॅरेन कारपेंटर कोसळल्या आणि काही वेळातच त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ३२. त्याआधीच्या काही महिन्यांत त्यांचे वजन वाढले होते. मग हृदय का थांबले?

कॅरेन कोण होत्या?
जन्म २ मार्च १९५०. भाऊ रिचर्ड यांच्यासह ‘द कारपेंटर्स’ ही जोडी त्यांनी गाजवली. १९७० मधील ‘क्लोज टू यू’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. मुळात त्या ड्रमवादक होत्या.

आजार कसा वाढला?
किशोरवयात डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू झालेले ‘डाएट’ पुढे थांबेना. हा ‘अॅनोरेक्सिया नर्व्होसा’ होता : वजन वाढण्याची तीव्र भीती वाटणारा मानसिक आजार. १९७५ मध्ये अशक्तपणामुळे ब्रिटनचा दौरा रद्द करावा लागला. तेव्हा हा आजार सामान्यांना फारसा माहीत नव्हता.

शरीरावर काय परिणाम होतात?
अन्न मिळाले नाही की शरीर चरबीपाठोपाठ स्नायू वापरू लागते. हृदयही स्नायूच असल्याने तेही क्षीण होते. नाडी मंदावते, रक्तदाब घसरतो. मासिक पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात. ओकाऱ्या किंवा जुलाबांमुळे पोटॅशियम कमी झाले, तर हृदयाचे ठोके अचानक बिघडू शकतात.

उपचारांनंतरही धोका का?
१९८२ मध्ये कॅरेन यांनी न्यूयॉर्कमध्ये उपचार घेतले. रुग्णालयात शिरेवाटे पोषण दिल्यावर वजन वाढले. पण काट्यावर वजन दिसते, हृदयाची झीज नाही. शवविच्छेदनात अॅनोरेक्सियाच्या परिणामी एमेटिन या औषधी द्रव्याने हृदयाला इजा झाल्याची नोंद झाली. हे द्रव्य हृदयाच्या स्नायूत साचत जाते.

यातून काय लक्षात घ्यावे?
कॅरेन यांच्या मृत्यूनंतर या आजाराची उघड चर्चा सुरू झाली. तो कोणालाही, कोणत्याही वजनात होऊ शकतो. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाणेही घातक ठरू शकते. रक्तातील क्षारांचे प्रमाण झपाट्याने घसरते. त्यामुळे आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावा लागतो. घरातील कोणी जेवण टाळत असेल, चक्कर येत असेल किंवा पाळी थांबली असेल, तर रागावण्याऐवजी डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनाही दाखवावे. हा हट्ट नसून उपचार करता येणारा आजार आहे.