शेवटी डॉलर का?

थर्ड इयरच्या मायक्रोप्रोसेसर लॅबमध्ये दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. ८०८६ च्या असेम्ब्लीत स्क्रीनवर आपलं नाव छापायचं असेल तर डीएक्समध्ये पत्ता द्यायचा, एएचमध्ये ०९ टाकायचं आणि इंट २१एच मारायचं. पण नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह लावायला विसरलात, की स्क्रीनभर कचरा! मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, सर, डॉलरच का?

१९९८ मध्ये मी त्याच मागच्या बाकावर बसायचो. ओरलला एक्स्टर्नलनी मला हाच प्रश्न विचारला. मी बाणेदारपणे सांगितलं, अमेरिकन लोकांनी केलंय, ते रुपया कशाला लावतील? एक्स्टर्नल हसले नाहीत. मार्क मात्र गेले.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे आमच्या लॅबची साफसफाई. जुनी मशीनं निर्लेखनाला काढायची म्हणून डेड स्टॉक रजिस्टर घेऊन यादी करत बसलो होतो. हिरव्या अक्षरांचे मॉनिटर, सव्वापाच इंची फ्लॉपीचे ड्राइव्ह, किल्ली हरवलेले कॅबिनेट. एका ड्रॉवरमध्ये आमच्याच बॅचच्या फ्लॉप्या सापडल्या. होस्टेलवर चौघांनी वर्गणी काढून जमवलेला असेम्बल्ड पीसी आठवला. पावसाळ्यात फ्लॉपी शर्टच्या आत, वहीत दाबून आणायची आणि तरीही लॅबमध्ये ती वाचली जाईलच याचा भरवसा नाही! एका मेगाबाइटमध्ये आमचं अख्खं सेमिस्टर मावायचं, राव.

आणि मग एक माणूस आठवला, ज्याची मी वर्गात वर्षानुवर्षं बदनामी केली आहे. त्याचं नाव गॅरी किल्डॉल. प्लेसमेंटच्या आधी मुलांना चार उपदेशाच्या गोष्टी सांगायच्या म्हणून मी सांगायचो, की आयबीएमची माणसं दारात आली तेव्हा हा पठ्ठ्या विमान उडवत बसला होता, म्हणून बिल गेट्स अब्जाधीश झाला आणि हा राहिला. वर्ग हसायचा. गोष्ट सांगायला सोपी होती. पुढे मी नीट वाचलं, आणि कळलं की गोष्ट तशी नव्हती. म्हणून हा लेख.

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेतल्या सिएटलचा. घराण्याची शाळा होती, जहाजांवरच्या लोकांना नौकानयन शिकवणारी. गॅरी मात्र वॉशिंग्टन विद्यापीठात कॉम्प्युटरकडे वळला. त्या काळी अमेरिकेत सक्तीची लष्करी सेवा होती. त्यामुळे तो नौदलात गेला आणि कॅलिफोर्नियात मॉन्टेरे इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर शाळेत शिकवू लागला. म्हणजे आपल्यासारखाच मास्तर! १९७२ मध्ये त्याने पीएच.डी. पूर्ण केली. १९७३ मध्ये कम्पायलरच्या ऑप्टिमायझेशनवर त्याने एक पेपर वाचला. डेटा-फ्लो अॅनालिसिसची त्याची ती पद्धत आजही कम्पायलरच्या पुस्तकांत शिकवतात. फायनल इयरवाल्यांनो, तो हाच किल्डॉल.

इंटेलने ४००४ हा चार बिटांचा प्रोसेसर १९७१ मध्ये आणला. त्याची जाहिरात पाहून गॅरीने एक चिप मिळवली. नुसत्या चिपवर काय करणार? मग त्याने मोठ्या कॉम्प्युटरवर तिचा सिम्युलेटर लिहिला. इंटेलला हे आवडलं आणि नोकरी सांभाळून तो त्यांचं कामही करू लागला. त्यांच्यासाठी त्याने पीएल/एम ही भाषा तयार केली.

आता गंमत बघा. तेव्हा मायक्रोकॉम्प्युटरवर प्रोग्राम चढवायचा तर भोकं पाडलेली कागदी पट्टी टेलीटाइपवरून सरकवायची. पट्टी फाटली की मुकाट्याने पुन्हा पहिल्यापासून. गॅरीने शुगार्ट कंपनीचा एक आठ इंची फ्लॉपी ड्राइव्ह मिळवला, पण तो ८०८० ला जोडायला कंट्रोलर नव्हता. शेवटी जॉन टोरोड या मित्राने तो बांधला, आणि गॅरीने फायली ठेवणारा, वाचणारा, पुसणारा प्रोग्राम लिहिला. १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह या छोट्या गावात, घरामागच्या अवजारांच्या शेडमध्ये हे पहिल्यांदा चाललं. नाव सीपी/एम. एका फ्लॉपीत जेमतेम अडीचशे किलोबाइट मावायचे. इंटेलला त्यात रस वाटला नाही. मग गॅरीने बायको डोरोथीबरोबर स्वतःचीच कंपनी काढली. नाव ठेवलं इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च. पुढे त्यातलं आकाशगंगेचं शेपूट गळलं आणि डिजिटल रिसर्च उरलं. हिशेब, करार, गिऱ्हाइकं डोरोथी बघायची, कोड गॅरी.

त्याची सगळ्यात मोठी कल्पना मला वेगळीच वाटते. त्या काळी प्रत्येक कंपनीचं मशीन निराळं. प्रत्येकासाठी अख्खी सिस्टीम पुन्हा लिहीत बसायचं? गॅरीने मशीनशी थेट बोलणारा भाग कापून वेगळा काढला आणि त्याला बायोस म्हटलं. मशीन बदललं की तेवढाच तुकडा बदला, बाकी सगळं जसंच्या तसं. त्यामुळे शेकडो तऱ्हेच्या मशीनवर एकच सीपी/एम चालू लागलं. वर्डस्टार आणि डीबेस टू आधी त्यावरच आले. घरी पीसी सुरू करताना डिलीट बटण दाबून ज्या बायोसमध्ये आपण उगाच बोटं घालायचो, ते नाव इथून आलं.

आता १९८० सालच्या त्या दिवसाकडे येऊ. आयबीएमची माणसं पॅसिफिक ग्रोव्हला आली. गॅरी त्या सकाळी विमानाने गेला होता हे खरं, पण हवा खायला नव्हे. ओकलंडकडच्या एका गिऱ्हाइकाचं आधीच ठरलेलं काम होतं. करारमदार डोरोथीच बघायची, त्यामुळे तिने बसणं यात नवल काहीच नाही. आयबीएमने गुप्ततेचा एकतर्फी करार पुढे केला. कंपनीच्या वकिलाचा सल्ला घेऊन डोरोथीने सही करायला नकार दिला. गॅरी दुपारी परतला. त्यानंतर कोण कुणाला भेटलं, याबद्दल दोन्हीकडची माणसं आयुष्यभर वेगवेगळं सांगत राहिली. एकरकमी पैसे की प्रत्येक प्रतीमागे रॉयल्टी, यावर घोडं अडलं असंही म्हणतात.

गॅरीची चूक नव्हतीच असं मी म्हणणार नाही. ८०८६ साठीचं सीपी/एम आणायला त्याच्या कंपनीला उशीर झाला, आणि तो उशीर महागात पडला. सिएटलमधल्या एका छोट्या हार्डवेअर कंपनीला थांबणं परवडेना, म्हणून तिथल्या टिम पॅटरसनने स्वतःच ८६-डॉस लिहून काढलं. सीपी/एमचे प्रोग्राम त्यावर सहज उतरवता यावेत म्हणून त्याने सीपी/एमचं मॅन्युअल समोर ठेवून तीच फंक्शनं, तेच क्रमांक ठेवले. जुलै १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते ५० हजार डॉलरला विकत घेतलं. त्याचंच पीसी-डॉस आणि एमएस-डॉस झालं.

तर मंडळी, ओरलचं उत्तर हे! सीपी/एममध्ये फंक्शन ९ म्हणजे स्ट्रिंग छापा, आणि स्ट्रिंगचा शेवट डॉलरने. कॉम फाइलच्या डोक्यावर आपण डोळे मिटून ऑर्ग १००एच लिहितो ना, तेही तिथलंच, कारण सीपी/एमचे प्रोग्राम १००एच पत्त्यावर बसायचे. फाइलचं नाव आठ अक्षरं आणि पुढे तीन, फ्लॉपीला ए आणि बी, म्हणून हार्ड डिस्क सी, हा सगळा वारसा सीपी/एमकडून आला.

गॅरीने आयबीएमकडे हरकत घेतली, तेव्हा आयबीएमने सीपी/एम-८६ सुद्धा विकायचं कबूल केलं. त्याला वाटलं, आता गिऱ्हाईकच ठरवेल. पण दुकानात पीसी-डॉस ४० डॉलरला आणि सीपी/एम-८६ २४० डॉलरला! तुम्ही आम्ही काय घेतलं असतं?

तो हात बांधून बसला नाही. १९८३ पासून काही वर्षं टीव्हीवरच्या कॉम्प्युटर क्रॉनिकल्समध्ये तो सहनिवेदक होता. १९८५ मध्ये त्याच्या दुसऱ्या कंपनीने अख्खा ज्ञानकोश एका सीडीत बसवला. १९८८ मध्ये डीआर-डॉस आलं. १९९१ मध्ये नॉव्हेलने डिजिटल रिसर्च विकत घेतली, पैसाही भरपूर मिळाला. पण १९९२ मध्ये त्याच्याच विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा मुख्य भाषणाला बोलावलं बिल गेट्सला, आणि पीएच.डी. केलेला गॅरी नुसता पाहुणा! हे त्याच्या मनाला लागलं. त्याने आठवणी लिहायला घेतल्या. शेवटच्या वर्षांत दारूही वाढली होती. जुलै १९९४ मध्ये मॉन्टेरेच्या एका बारमध्ये त्याच्या डोक्याला मार लागला. तो कसा लागला, हे कधीच नक्की झालं नाही. ११ जुलैला तो गेला. वय ५२.

त्याच्या आठवणींचा पहिला भाग २०१६ मध्ये लोकांसमोर आला. पॅसिफिक ग्रोव्हमधल्या कंपनीच्या जुन्या घरासमोर २०१४ मध्ये आयईईईने फलक बसवला. त्यावर १९७४ च्या त्या पहिल्या प्रयोगाची नोंद आहे. विमानाचा उल्लेख नाही.

मी वर्गात सांगितलेली गोष्ट ज्या बॅचेस घेऊन गेल्या, त्यांना आता कुठे शोधू? कुणी कुठे ऑफिसात, कुणी परदेशात, आणि चहाच्या टेबलावर तीच गोष्ट सांगून हशा मिळवत असतील. निदान यापुढच्यांना तरी ती चुकीची जायला नको.

निर्लेखनाच्या यादीतला एक ४८६ मी खोडून टाकलाय. फ्लॉपीवरून तो अजून सुरू होतो, फक्त पहिल्या खेपेला रुसतो. शनिवारी दुपारी लॅब उघडी असते. या, आपलं नाव छापून बघा. आणि हो, शेवटी डॉलर लावायला विसरू नका.

— इलेक्ट्रॉनिक्स विभागातला एक मास्तर (आणि माजी होस्टेलकर)