उंबरठे ओळखणारी परिचारिका
लिलियन वॉल्ड यांचा जन्म १८६७ साली अमेरिकेतील सिनसिनाटी येथे झाला. परिचर्येचे शिक्षण घेऊन १८९३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात काम सुरू केले. स्थलांतरितांच्या कोंदट, अंधाऱ्या खोल्यांत शुश्रूषा करताना, आजाराची मुळे दाटीवाटीत आणि अस्वच्छतेतही आहेत, हे त्यांनी ओळखले. हेन्री स्ट्रीट सेटलमेंट स्थापून त्यांनी परिचारिकांना वस्तीतच राहायला आणले. शाळांत परिचारिका आणि मुलांना क्रीडांगणे मिळावीत यासाठीही त्या झटल्या. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत शहरातील परिचारिकांच्या आणीबाणी परिषदेचे नेतृत्व त्यांनी केले. पंचवीस वर्षे ओळखीचे झालेले उंबरठे तेव्हा कामी आले. १९४० मध्ये त्या निवर्तल्या. त्यांनी सुरू केलेली गृहपरिचर्या न्यूयॉर्कमध्ये आजही चालू आहे.