फ्रँक हॉर्नबी : छोट्या रुळांचा शिल्पकार

खेळण्यातील आगगाडी प्रथमच हाती आली की मूल तिला रुळांवर ठेवून ती धावते की नाही हे पाहते. काही दिवसांनी त्याच मुलाचे लक्ष तिच्या रूपाकडे वळते. स्थानकात पाहिलेल्या इंजिनाला किती चाके होती, धुराडे केवढे होते, डब्यांचा रंग कोणता होता, हे ते आठवू लागते आणि हातातील गाडीशी ताडून पाहते. धावण्याची परीक्षा गाडीच्या दर्जाची असते, तर रूपाची परीक्षा तिच्या अचूकपणाची. दुकानातून आणून थेट रुळांवर ठेवता येणारी गाडी या दोन्ही परीक्षांना उतरावी आणि तरीही सामान्य घराला परवडावी, हे फार अवघड काम आहे. फ्रँक हॉर्नबी यांनी आयुष्याची अखेरची सोळा वर्षे या कामात घालवली.

हॉर्नबी यांचा जन्म १५ मे १८६३ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदराच्या शहरात झाला. हे शहर रेल्वेच्या इतिहासात मानाचे आहे. लिव्हरपूल आणि मँचेस्टर या दोन शहरांना जोडणारा प्रसिद्ध लोहमार्ग १८३० मध्ये सुरू झाला होता. आपल्याकडे मुंबई ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली ती १८५३ मध्ये, म्हणजे हॉर्नबी यांच्या जन्माच्या दहा वर्षे आधी. गोदीतील याऱ्या, जहाजे आणि वाफेची इंजिने हे त्या शहरातील मुलांचे रोजचे दृश्य होते.

फ्रँकचे वडील खाद्यपदार्थांचे व्यापारी होते. फ्रँकला शाळेची विशेष गोडी नव्हती. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो वडिलांच्या व्यवसायात रोखपालाचे काम करू लागला. यंत्रशास्त्राचे शिक्षण त्याला कधीच मिळाले नाही. स्वावलंबनाने मोठ्या झालेल्या संशोधकांची चरित्रे मात्र त्याने आवडीने वाचली. एकदा सुरू केल्यावर कधीच थांबणार नाही असे यंत्र बनवण्याचा प्रयत्नही त्याने केला. असे यंत्र निसर्गनियमांनुसार अशक्यच असते; परंतु त्या खटपटीत त्याच्या हातांना अवजारांची सवय झाली.

१८८७ मध्ये क्लारा गोडफ्रॉय या शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. पुढे ते मांस आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे हिशेबनीस म्हणून काम करू लागले. दिवसभर वहीखाते सांभाळायचे आणि संध्याकाळी रोलंड व डग्लस या आपल्या मुलांसाठी खेळणी बनवायची, असा त्यांचा क्रम होता. एकदा खेळण्यातील यारी बनवताना प्रत्येक भाग वेगळा कापावा लागत असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. त्यावर त्यांनी साधा उपाय शोधला. पत्र्याच्या पट्ट्यांना अर्ध्या इंचाच्या समान अंतरावर भोके पाडली, म्हणजे कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला नट-बोल्टने जोडता येई. एक वस्तू मोडून त्याच तुकड्यांतून दुसरी वस्तू उभी करता येऊ लागली.

पेटंटसाठी लागणारे पाच पौंडही त्यांच्यापाशी नव्हते; ते त्यांनी उसने घेतले. १९०१ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. १९०७ मध्ये या खेळण्याला 'मेकॅनो' हे नाव मिळाले आणि पुढच्या वर्षी त्याच नावाची कंपनी उभी राहिली. १९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर तिचा मोठा कारखाना सुरू झाला. मेकॅनोची पेटी पुढे जगभर गेली आणि भारतातील अनेक घरांतही मुले त्या पट्ट्या जोडत बसू लागली.

त्या काळी खेळण्यातील आगगाड्यांच्या बाजारपेठेवर जर्मनीतील कारखान्यांचा मोठा प्रभाव होता. पहिल्या महायुद्धाने तो व्यापार विस्कळीत झाला. युद्ध संपल्यावर १९२० मध्ये हॉर्नबी यांनी आपल्या नावाची पहिली आगगाडी बाजारात आणली. ती चावीवर चालत असे आणि मेकॅनोप्रमाणेच नट-बोल्टने जोडलेली असे. त्यामुळे तुटलेला भाग बदलता येई. गाडीच्या टिकाऊपणाविषयी ग्राहकांची खात्री पटली. रूपाच्या बाबतीत मात्र ती खऱ्या गाडीपासून बरीच दूर होती. एकाच साच्याचे इंजिन वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांच्या रंगांत रंगवून विकले जात असे.

१९२५ मध्ये हॉर्नबी यांच्या कारखान्यातून विजेवर चालणारी पहिली गाडी बाहेर पडली. लंडनमधील मेट्रोपॉलिटन रेल्वेचे विजेचे इंजिन तिच्यासाठी आदर्श म्हणून निवडले होते. पत्र्यावर छापलेली खिडक्या-दारे पाहून मुलांना खऱ्या गाडीची आठवण होई. तथापि खऱ्या इंजिनाला आठ चाके होती, तर खेळण्यातील इंजिनाला चारच. त्याहून गंभीर दोष विजेच्या व्यवस्थेत होता. घरातील दिव्यासाठी येणारी वीज एका दिव्यातून वळवून रुळांपर्यंत पोहोचवली जाई. गाडी धावत असताना विजेचा दाब कमी राहत असे. पण ती रुळांवरून उचलताच तो दाब वाढे. अशा रुळांशी मुलांनी खेळणे धोक्याचे होते. कमी दाबाच्या विजेवर चालणारी गाडीही लवकरच उपलब्ध झाली आणि काही वर्षांतच जास्त दाबाची पद्धत बंद पडली. पुढे १९३० च्या दशकात ट्रान्सफॉर्मरमधून वीस व्होल्टची वीज घेणारी गाडी रूढ झाली. खेळण्याच्या दर्जात सुरक्षितता सर्वांत आधी येते, हा धडा कारखान्याने या अनुभवातून घेतला.

अचूकपणाचा प्रश्न अजून सुटलेला नव्हता. १९२३ मध्ये ब्रिटनमधील बहुतेक रेल्वे कंपन्यांचे चार मोठ्या कंपन्यांत एकत्रीकरण झाले होते. त्या चारही कंपन्यांची नामांकित इंजिने मुलांना तोंडपाठ असत. १९२७-२८ च्या सुमारास हॉर्नबी यांच्या कारखान्याने 'फ्लाइंग स्कॉट्समन', 'रॉयल स्कॉट', 'केअरफिली कॅसल' आणि 'लॉर्ड नेल्सन' या नावांची इंजिने काढली. नावे चार, रंगही वेगवेगळे. परंतु शरीराची घडण मूलतः एकच होती. खऱ्या चारही इंजिनांना सहा-सहा मोठी चालक चाके होती, तर या प्रतिकृतींना चारच. यामागे एक व्यावहारिक अडचण होती. घरातील जमिनीवर मावावा म्हणून रुळांचा गोल मार्ग अवघ्या दोन फूट त्रिज्येचा असे. इतक्या तीव्र वळणावर लांब इंजिन अडकण्याची वा घसरण्याची शक्यता होती. शिवाय प्रत्येक इंजिनासाठी वेगळे साचे करायचे म्हटले की किंमत वाढणार होती. अडचण खरी होती. पण इंजिनावर लिहिलेले नाव खरे नव्हते, आणि रेल्वेचे वेड असलेल्या मुलाच्या नजरेतून ते सुटणारे नव्हते.

या पेचातून मार्ग १९२९ मध्ये निघाला. कारखान्याने चार कंपन्यांसाठी चार नवी इंजिने तयार केली आणि या वेळी प्रत्येकाला स्वतःचे रूप दिले. त्यासाठी आदर्श म्हणून निवडलेली चारही खरी इंजिने मुळातच चार चालक चाकांची होती. त्यामुळे चाकांची संख्या न बदलताही ती घरातील वळणावर फिरू शकत होती. मोठ्या नावासाठी इंजिनाचे रूप मोडण्यापेक्षा, आपल्या रुळांना झेपेल असे खरे इंजिन निवडावे, हा त्यातील विवेक होता. मर्यादा लपवण्याऐवजी ती मान्य करून केलेले काम अधिक प्रामाणिक होते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

मुलांशी संवाद राखण्यावर हॉर्नबी यांचा भर होता. 'मेकॅनो मॅगझिन' हे नियतकालिक १९१६ पासून निघू लागले आणि १९२८ मध्ये आगगाडीप्रेमी मुलांसाठी एक मंडळही स्थापन झाले. या मंडळातील मुले आपला छोटा लोहमार्ग खऱ्या रेल्वेच्या वेळापत्रकाप्रमाणे आणि सिग्नलांच्या नियमांप्रमाणे चालवायला शिकत. स्थानकावरील हमाल, प्रवासी व मोटारी यांच्या छोट्या प्रतिकृतीही गाड्यांच्या जोडीला आल्या. त्यांतूनच १९३४ मध्ये 'डिंकी टॉइज' हे नाव प्रसिद्धीस आले.

१९३१ ते १९३५ या काळात हॉर्नबी ब्रिटिश संसदेचे सदस्य होते. प्रकृती ढासळत गेली आणि २१ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. कारखान्यातील सर्वांत अचूक गाड्या त्यांना पाहता आल्या नाहीत. १९३७ मध्ये सहा चालक चाकांचे 'प्रिन्सेस एलिझाबेथ' हे देखणे इंजिन आले. त्याच्यासाठी तीन फूट त्रिज्येचे नवे भरीव पोलादी रूळ करावे लागले. त्याची किंमत मात्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची होती. १९३८ मध्ये 'हॉर्नबी डब्लो' ही लहान आकाराची मालिका सुरू झाली. तिच्या रुळांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर होते. ओतीव धातूच्या इंजिनांमुळे बारकावे अधिक स्पष्ट उमटले आणि छोट्या घरातही मोठा मार्ग मांडता येऊ लागला. तरीही तिच्यात वीज पोहोचवण्यासाठी मधोमध तिसरा रूळ होता; खऱ्या मार्गावर तो नसे. दोन रुळांची पद्धत या मालिकेत १९५९ मध्ये आली.

१९६४ मध्ये मेकॅनो कंपनी दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेली आणि १९७९ मध्ये बिन्स रोडचा कारखाना बंद झाला. हॉर्नबी हे नाव मात्र छोट्या आगगाड्यांवर टिकून राहिले. आज अशा तयार गाड्यांसाठी खरे इंजिन लेझरच्या साहाय्याने मोजता येते. रिव्हेटचा एखादा ठिपका चुकला तरी जाणकार तो दाखवून देतात. इतका काटेकोरपणा हॉर्नबी यांच्या पहिल्या गाडीत नव्हता. पण दुकानातून आणलेल्या गाडीने नीट धावावे, मोडली तर दुरुस्त व्हावी, मुलाला इजा करू नये आणि शक्य तेवढे खरे रूप दाखवावे, ही अपेक्षा घरोघरी रुजवण्यात एका हिशेबनीसाच्या संध्याकाळच्या खटपटीचा मोठा वाटा आहे.