जोसेफ ब्लॅक : दडलेल्या उष्णतेचा शोध घेणारा अध्यापक

बर्फाच्या भांड्यात तापमापी ठेवून ते मंद आचेवर चढवावे आणि सतत ढवळत राहावे. बर्फाचा अखेरचा खडा विरघळेपर्यंत पारा शून्य अंशाच्या खुणेपाशीच रेंगाळतो. खालून विस्तव अखंड उष्णता देत असताना ती जाते कुठे? या साध्या प्रश्नाचा नेटाने पाठपुरावा जोसेफ ब्लॅक यांनी केला आणि त्यातूनच उष्णतामापनाच्या शास्त्राचा पाया घातला गेला.

ब्लॅक यांचा जन्म १७२८ साली फ्रान्समधील बोर्दो येथे झाला. वडील बेलफास्टहून येऊन तेथे स्थायिक झालेले मद्याचे व्यापारी होते. शालेय शिक्षणासाठी जोसेफ यांची रवानगी बेलफास्टला झाली. पुढे ग्लासगो विद्यापीठात विल्यम कलन यांच्या हाताखाली त्यांना रसायनशास्त्राची गोडी लागली. वैद्यकाच्या पदवीसाठी १७५४ मध्ये एडिंबरोला सादर केलेल्या प्रबंधाच्या अभ्यासातूनच आज आपण ज्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो, त्या वायूची ओळख पटली. प्रत्येक टप्प्यावर वजन करून पाहण्याची शिस्त त्यांच्या अंगी तेव्हाच बाणली होती.

१७५६ मध्ये ते ग्लासगोला अध्यापक झाले. बर्फ वितळण्याच्या तापमानाला पोहोचला, की आणखी किंचित उष्णता मिळताच त्याचे पाणी होते, असा त्या काळी समज होता. तसे असते, तर पहिल्या उबदार दिवशीच डोंगरावरचे सारे बर्फ एकदम वितळून महापूर आले असते, हे ब्लॅक यांच्या ध्यानात आले. प्रत्यक्षात बर्फ आठवडेच्या आठवडे टिकते.

मग त्यांनी काचेचे दोन सारखे गोलक घेतले. एकात बर्फ आणि दुसऱ्यात तितकेच, गोठणबिंदूच्या जवळ आणलेले पाणी ठेवून ते ४७ अंश फॅरनहाइट तापमानाच्या एका मोठ्या दालनात टांगले. पाणी अर्ध्या तासात ७ अंशांनी तापून ४० अंशांवर आले. बर्फाला वितळून तेथवर यायला मात्र साडेदहा तास, म्हणजे एकवीस अर्धे तास लागले. एकवीस साते एकशे सत्तेचाळीस. त्यातून वितळलेले पाणी ३२ वरून ४० अंशांवर येण्यासाठी लागलेले ८ अंश वजा केले, की उरतात १३९. एवढी उष्णता तापमापीला न दिसता केवळ बर्फाचे पाणी करण्यात खर्ची पडली होती. आजच्या अचूक मापनाने हा आकडा सुमारे १४४ येतो. घड्याळ, तापमापी आणि दोन गोलक एवढ्या सामग्रीवर त्यांनी ही मजल मारली.

हीच अप्रकट उष्णता. पाण्याची वाफ होताना ती याहून कितीतरी अधिक लागते, हेही त्यांनी दाखवले. माठातले पाणी गार होते आणि वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून अधिक पोळतो, त्यामागे हेच कारण आहे.

त्याच विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॅट यांना थोडीशी वाफ बरेच पाणी तापवते याचे कोडे पडले, तेव्हा ब्लॅक यांनी त्याचा उलगडा केला. वेगळ्या संघनकाची कल्पना वॅट यांची स्वतःची. परंतु मित्राच्या प्रयोगांना ब्लॅक यांनी पैशाचेही पाठबळ दिले.

इतका मोठा शोध लावूनही त्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला नाही. १७६६ पासून एडिंबरोला ते शिकवत राहिले आणि हे ज्ञान विद्यार्थ्यांच्या वह्यांतून देशोदेशी पोहोचले. दरम्यान, १७७२ मध्ये स्वीडनच्या योहान विल्के यांनी याच विषयावरील स्वतंत्र संशोधन प्रसिद्ध केले. श्रेयाच्या बाबतीत ही अनास्था ब्लॅक यांना महागात पडू शकली असती. ती पडली नाही, याचे कारण त्यांचे शिष्य. जॉन रॉबिसन यांनी त्यांची व्याख्याने संपादित करून १८०३ मध्ये छापली.

ते पाहण्यास ब्लॅक मात्र हयात नव्हते. १७९९ मध्ये जेवणाच्या मेजाशी बसलेले असतानाच ते गेले. मांडीवरच्या पेल्यातले दूध जराही सांडले नव्हते, असे त्यांच्या स्नेह्यांनी नोंदवून ठेवले आहे. आयुष्यभर मोजून-मापून, गाजावाजा न करता काम करणाऱ्या या अध्यापकाचा शेवटही तसाच शांतपणे झाला.