गणित सोडलेल्या माणसाचे विद्यापीठ

मुंबईत ओव्हल मैदानाच्या कडेने जाताना राजाबाई टॉवरकडे मान वर करून पाहिले नाही, असा माणूस विरळा. तो मनोरा प्रेमचंद रायचंद यांच्या पैशातून उभा राहिला, हेही बहुतेकांना ठाऊक असते. आम्हा बँकवाल्यांना मात्र हे नाव आठवते ते दुसऱ्या कारणाने. १८६५ साली कापसाच्या तेजीचा फुगा फुटला, त्यात जुनी बँक ऑफ बॉम्बे बुडाली, आणि तिच्या सढळ कर्जवाटपाशी या शेटजींचे नाव कायमचे जोडले गेले. पण याच प्रेमचंदांनी दोन लाख रुपये कलकत्ता विद्यापीठालाही दिले होते, हे मला कळले ते बँकेने माझी बदली कलकत्त्याला केल्यावर. त्या रकमेच्या व्याजातून हुशार पदवीधरांना शिष्यवृत्ती मिळत असे. १८८६ साली ती एका बावीस वर्षांच्या गणिताच्या विद्यार्थ्याने पटकावली. त्याचे नाव आशुतोष मुखोपाध्याय. आपण त्यांना सर आशुतोष मुखर्जी म्हणून ओळखतो. श्यामाप्रसाद मुखर्जींचे हे वडील.

आपल्याकडे आशुतोषबाबूंची एक गोष्ट हटकून सांगितली जाते. आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या चपला खिडकीबाहेर फेकल्या, तेव्हा त्यांनी त्या साहेबाचा कोट बाहेर फेकला. खरी असो वा रचलेली, गोष्ट झकास आहे. पण त्या चपलांनी या माणसाचे खरे काम झाकून टाकले, असे मला वाटत आले आहे.

त्यांचा जन्म २९ जून १८६४ चा, कलकत्त्यातला. वडील गंगाप्रसाद भवानीपुरात डॉक्टर होते. मुलाची बुद्धी त्यांनी ओळखली आणि पुस्तकांना पैसे कमी पडू दिले नाहीत. मुलगा कॉलेजात पाऊल ठेवतो न ठेवतो तोच, १८८१ साली, युक्लिडच्या एका प्रमेयाची त्याने दिलेली नवी सिद्धता केंब्रिजच्या गणिती नियतकालिकात छापून आली. पुढे गणितात एम.ए., लगेच वर्षभरात भौतिक शास्त्रात एम.ए., आणि मग विकलक समीकरणांवरचे निबंध. त्यातल्या काहींची दखल इंग्लंडातल्या गणितज्ञांनी घेतली. हे सारे पंचविशीच्या आत, घरी बसून, कोणी मार्गदर्शक नसताना.

आणि मग गाडी अडली. हिंदुस्थानात त्या काळी गणितात संशोधन करून पोट भरण्याची सोयच नव्हती. सरकारी शिक्षणखात्यात नोकरी मिळण्यासारखी होती. पण तिथे एतद्देशीयांची पायरी युरोपियनांच्या खालची. आशुतोषांना ते मानवले नाही. विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू गुरुदास बॅनर्जी यांनी या तरुणासाठी वर्गणी जमवून एक अध्यासन काढता येईल का, अशी खटपट करून पाहिली. पैसे जमले नाहीत. राजेरजवाड्यांनी आणि जमीनदारांनी गजबजलेल्या शहरात एका गणित्याच्या पोटापाण्याची रक्कम उभी राहू शकली नाही! आशुतोष १८८८ साली हायकोर्टात वकील झाले. वकिली उत्तम चालली, १९०४ साली ते न्यायाधीशही झाले. गणिताच्या संशोधनाची वही मात्र मिटली ती मिटलीच.

पुढे त्यांनी जे केले त्यामागे ही मिटलेली वही आहे, असा माझा तर्क आहे. कागदोपत्री पुरावा द्या म्हटले तर मी देऊ शकणार नाही. पण कादंबरी लिहिणाऱ्याला एवढी सूट असावी.

१९०६ साली ते कुलगुरू झाले. ते पद बिनपगारी. दिवसा कोर्ट, आणि सकाळ-संध्याकाळ विद्यापीठ. विद्यापीठ तरी कसले? १८५७ साली मुंबई, मद्रास आणि कलकत्ता ही तीन विद्यापीठे निघाली, ती मुख्यतः परीक्षा घेणारी कचेरी म्हणूनच. शिकवायचे कॉलेजांनी, विद्यापीठाने प्रश्नपत्रिका काढायच्या, फी गोळा करायची आणि पदव्या वाटायच्या. नवे ज्ञान निर्माण करणे हे तिथे कोणाचेच काम नव्हते. लॉर्ड कर्झनच्या १९०४ च्या विद्यापीठ कायद्यावर देशभर टीका झाली, कारण त्याने सरकारचा लगाम आवळला. आशुतोषबाबूंनी त्या कायद्यात एक वेगळेच वाक्य हेरले. विद्यापीठाला स्वतः अध्यापक नेमून शिकवण्याची आणि संशोधनाला उत्तेजन देण्याची मुभा त्यात होती. इंग्रजाच्या कायद्यातली ही फट न्यायाधीशाच्या नजरेतून सुटली नाही.

मुभा होती, पैसा नव्हता. सरकारकडे विज्ञान महाविद्यालयासाठी मागणी केली, ती फेटाळली गेली. मग १९१२ साली बॅरिस्टर तारकनाथ पालित यांनी आपली जमीन आणि आयुष्याची कमाई मिळून सुमारे पंधरा लाख रुपये विद्यापीठाच्या हवाली केले. पुढच्या वर्षी रासबिहारी घोष या दुसऱ्या नामांकित वकिलाने दहा लाख दिले. दोघांची अट सारखी : या पैशातून नेमायचे प्राध्यापक हिंदीच असले पाहिजेत. २७ मार्च १९१४ रोजी अप्पर सर्क्युलर रोडवर विज्ञान महाविद्यालयाची कोनशिला बसली. त्यानंतर चारच दिवसांत कुलगुरूपदाची त्यांची मुदत संपणार होती.

आता माणसे हवी होती. कलकत्त्यात सरकारी हिशेबखात्यात एक तरुण मद्रासी अधिकारी होता. दिवसभर आकडेमोड करायचा आणि सकाळ-संध्याकाळ बहुबाजारातल्या महेंद्रलाल सरकारांच्या संस्थेत जाऊन तारांची कंपने मोजत बसायचा. चंद्रशेखर वेंकट रामन हे त्याचे नाव. त्याला पालित अध्यासन देऊ केले. पगार जवळजवळ निम्म्यावर येणार होता, तरी तो तयार झाला. पण प्राध्यापकाने आधी परदेशात जाऊन शिकून यावे, अशी एक अट होती आणि रामन त्याला राजी नव्हते. आशुतोषबाबूंनी ती अट बाजूला सारायला लावली. १९१७ साली रामन रुजू झाले. सरकारी नोकरी आणि तिचे पेन्शन सोडून निम्म्या पगारावर जाणे म्हणजे काय, हे ज्याने आयुष्यभर बँकेत काढले त्यालाच कळेल. माझी तर छाती झाली नसती. १९२८ साली रामन परिणामाचा शोध लागला, १९३० साली नोबेल मिळाले.

एम.एस्सी. होऊन बाहेर पडलेली दोन पोरे एकदा आशुतोषबाबूंकडे आली. आम्हाला नवे भौतिकशास्त्र शिकवू द्या, म्हणाली. एक सत्येंद्रनाथ बोस, दुसरा ढाक्याजवळच्या खेड्यातल्या किरकोळ दुकानदाराचा मुलगा मेघनाद साहा. ते नवे भौतिकशास्त्र दोघांनाही अजून पुरते येत नव्हते! आशुतोषबाबूंनी शिष्यवृत्ती देऊन त्यांना कामाला लावले. पोरांनी जर्मन पुस्तके मिळवली, ती भाषा शिकून घेतली, आणि १९२० साली सापेक्षतेवरच्या आइनस्टाइन-मिंकोव्स्कींच्या निबंधांचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद विद्यापीठानेच छापला. त्याच वर्षी साहांचे ताऱ्यांच्या तापमानासंबंधीचे समीकरण प्रसिद्ध झाले. बोस पुढे ढाक्याला गेले, आणि १९२४ साली त्यांचे नाव आइनस्टाइनच्या नावाशेजारी लागले.

विज्ञानाच्या इमारती उभ्या केल्या म्हणून हा माणूस मोठा, असे मात्र मी म्हणणार नाही. ते इतरांनीही केले. मला नवल वाटते ते त्यांच्या पंगतीचे. १९१६ साली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग निघाला, तो देशातला पहिला. मानववंशशास्त्राचा निघाला. तत्त्वज्ञानासाठी म्हैसूरहून राधाकृष्णन यांना आणले. ललित कलेचे अध्यासन काढले आणि त्यावर बसवले कोणाला, तर अवनींद्रनाथ टागोरांना, म्हणजे एका चित्रकाराला. बंगालीत आणि इतर देशी भाषांत एम.ए. करता येऊ लागले ते १९१९ पासून. मातृभाषेत एम.ए. करायचे, या कल्पनेलाच तोवर लोक हसत असत. त्या देशी भाषांच्या यादीत आपल्या मराठीलाही जागा होती.

मराठी माणसांनाही होती. गोव्यातले धर्मानंद कोसंबी सिलोन-ब्रह्मदेश पालथे घालून, भिक्षू होऊन, पाली शिकून परतले तेव्हा त्या विद्येला इथे गिऱ्हाईक नव्हते. आशुतोषबाबूंनी त्यांना पाली शिकवायला घेतले. कोसंबींना महाराष्ट्राची ओढ लागली आणि ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या महिना ५० रुपयांवर इकडे निघून आले, ही गोष्ट निराळी. रामकृष्णपंत भांडारकरांचे चिरंजीव देवदत्त १९१७ साली प्राचीन भारतीय इतिहासाच्या कारमायकेल अध्यासनावर गेले आणि १९३६ पर्यंत तिथेच राहिले. अशोकाच्या लेखांवर आणि प्राचीन नाण्यांवर त्यांनी दिलेली व्याख्याने त्या विद्यापीठानेच ग्रंथरूपाने छापली.

मला सर्वांत भावते ते चंद्रकुमार दे यांचे प्रकरण. मैमनसिंग जिल्ह्यातला हा गरीब माणूस, शिक्षण बेताचे. खेड्यांतले शेतकरी आणि नावाडी जी दीर्घ कथागीते गात, त्यांच्यावर त्याने एका मासिकात लिहिले होते. विद्यापीठातले दिनेशचंद्र सेन यांनी ते वाचून त्याला शोधून काढले. विद्यापीठाने त्याला पगार देऊन गावोगाव हिंडायला पाठवले. १९२३ साली ती गीते पुस्तकरूपाने आली आणि परदेशांतही वाखाणली गेली. एकाच विद्यापीठाच्या हिशेबवहीत एका पानावर वर्णपटमापक आणि दुसऱ्या पानावर खेड्यापाड्यांत गाणी गोळा करणाऱ्याचा पगार!

या वहीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. विभाग वाढत गेले, तिजोरी वाढली नाही. देणग्या बहुतेक विज्ञानासाठी. बाकीचा डोलारा मुख्यतः परीक्षांच्या फीवर उभा होता. आशुतोषबाबूंच्या काळात मॅट्रिकला पास होणाऱ्यांचे प्रमाण चांगलेच वाढले. ते फीसाठीच वाढवले, असे टीकाकार म्हणत. टीकाकारही साधेसुधे नव्हते. यदुनाथ सरकारांसारखे इतिहासकार आणि मॉडर्न रिव्ह्यूचे रामानंद चट्टोपाध्याय त्यांत होते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आशुतोषबाबूंना ठाऊकच नव्हते, आणि सगळी सूत्रे आपल्याच हाती ठेवायची त्यांना सवय होती, हे मान्यच केले पाहिजे.

१९२१ साली ते पुन्हा कुलगुरू झाले तेव्हा तूट लाखांच्या घरात होती आणि अध्यापकांचे पगार थकले होते. १९२२ साली बंगाल सरकारने अडीच लाख देऊ केले, पण आठ अटींवर. तोंडमिळवणी होईपर्यंत नवा खर्च वाढवायचा नाही, जमाखर्चाचे तपशील सरकारला वेळोवेळी पाठवायचे, अशा त्या अटी. मी नोकरीत कर्जमंजुरीची शेकडो पत्रे लिहिली. प्रत्येकाच्या तळाशी अटी असत, आणि या आठांतल्या काही मीही घातल्या असत्या. पैसे देणाऱ्याने हिशेब मागू नये, हे माझ्या गळी उतरत नाही. पण कर्ज मागायला आलेल्या कारखानदाराला मी त्याने कोणता माल काढावा हे सांगत नव्हतो. नवा विभाग काढायचा की नाही हे सचिवालयात ठरू लागले असते, तर चंद्रकुमारचा पगार कोणी मंजूर केला असता? आशुतोषबाबूंनी भर सिनेटमध्ये त्या अडीच लाखांना नकार दिला. त्यासाठी दारोदार भीक मागू, अध्यापक उपाशी राहतील, पण विद्यापीठाचे स्वातंत्र्य विकणार नाही, अशा आशयाचे ते भाषण बंगालमध्ये अजून सांगतात. पगार थकलेले अध्यापक त्यांच्या पाठीशी राहिले. हे मला त्या भाषणापेक्षाही मोठे वाटते.

१९२३ च्या मार्चमध्ये गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी त्यांना पत्र लिहिले : सरकारशी जुळवून घेणार असाल तर मुदत वाढवू. आशुतोषबाबूंचे उत्तर इतके जळजळीत होते, की वर्तमानपत्रांत आल्यावर लोकांनी ते पाठ केले. कुलगुरूपद गेले.

ते वर्ष त्यांना घरातूनही घायाळ करून गेले होते. थोरली मुलगी कमला बालपणीच विधवा झाली होती. १९०८ साली त्यांनी समाजाचा रोष पत्करून तिचा पुनर्विवाह लावला. दैव असे, की ती पुन्हा विधवा झाली, आणि १९२३ च्या जानेवारीत गेली. तिच्या नावाने व्याख्यानमाला सुरू करण्यासाठी बापाने ४०,००० रुपये विद्यापीठाला दिले. स्वतःसाठी एक अध्यासन काढायला ज्या विद्यापीठाकडे पैसे नव्हते, त्यालाच.

हायकोर्टातून निवृत्त होऊन ते एका मोठ्या खटल्यासाठी पाटण्याला गेले आणि तिथेच २५ मे १९२४ रोजी अल्पशा आजाराने वारले. वय साठाला महिना कमी. देह आगगाडीने कलकत्त्याला आणला, तेव्हा स्टेशनापासून रस्ते माणसांनी भरून गेले होते. सुनीतिकुमार चॅटर्जींचा बंगाली भाषेच्या उगमावरचा दोन खंडांचा ग्रंथ विद्यापीठाने छापून काढला तो त्यानंतर दोन वर्षांनी.

त्यांचा ग्रंथसंग्रह घरच्यांनी १९४९ साली राष्ट्रीय ग्रंथालयाला दिला. कलकत्त्यात असताना एका शनिवारी बँक लवकर सुटल्यावर मी अलीपूरला तो पाहायला गेलो होतो. पुस्तके ८०,००० च्या आसपास. कायदा, इतिहास, धर्म, सगळे होते. गणिताची कपाटे किती, हे मी तिथल्या सेवकाला विचारले. त्याने हाताने दाखवले आणि आम्ही दोघे त्या बाजूला चालत गेलो; पोहोचायला वेळ लागला.